शेवटच्या कडव्यातलं नाव

१७ नोव्हेंबर १९६३, रविवार

ही डायरी मुळात गेल्या वर्षीची. कापसाच्या जिनाच्या शेठनी उरलेल्या डायऱ्या वाटल्या, त्यात काट्यावर वजनं घेणारा काटाबाबू म्हणून मलाही एक मिळाली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून लिहीत जाईन. लिहायला कारण असं, की आज आमच्या अकोल्याच्या समता गायन पार्टीला मुंबईहून पत्र आलं. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या माणसानं नागपुरात आमच्या पार्टीच्या कवी-गायकाचं, बुधाजीचं, गाणं ऐकलं होतं. ९ फेब्रुवारीला कंपनीची माणसं यंत्र घेऊन अमरावतीला येणार आहेत, पार्टी घेऊन हजर राहावं, एक तबकडी, दोन बाजू, दोन गाणी.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. नत्थुजी ढोलकीवाला खुशीनं उठून उभा राहिला आणि लगेच खाली बसला. कारण पत्र बुधाजी वानखडेच्या नावानं आहे आणि बुधाजीला आवाज नाही. उन्हाळ्यात अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून फक्त हवा येते. बोलायचं असलं की मांडीवरच्या पाटीवर लिहितो.

त्या दवाखान्यातली एक गोष्ट आठवली म्हणून लिहून ठेवतो. कारकुनानं बुधाजीच्या बायकोला, केशरवहिनींना, विचारलं, "पेशंटचं नाव?" वहिनी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. तो वैतागला. शेवटी मी पुढं होऊन सांगितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात वहिनींनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही, हाक मारायची तर नुसतं 'अजी'. बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी घरातले सगळे देव नदीला नेऊन सोडले. ही एक गोष्ट काही सुटली नाही.

बुधाजीनं पत्र दोनदा वाचलं आणि पाटीवर लिहिलं, "हो कळवा. गाणारा शोधा."

२४ नोव्हेंबर, रविवार

गाणारा शोधणं म्हणजे काय बाजारातून भाजी आणणं आहे? आज नत्थुजीनं गाऊन पाहिलं. त्याचं ध्यान ढोलकीत, शब्द मागं राहतात. मग मी गायलो. माझ्या मते बरं झालं होतं. बुधाजीनं पाटीवर एकच शब्द लिहिला, "पेटी." म्हणजे मी पेटीच वाजवावी. केशरवहिनी चुलीपुढं तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला राग आला नाही. थोडा आला.

२८ नोव्हेंबर

जिनात कापसातून सरकी काढणारे रेचे सुरू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आज दुपारी काट्यावर गाडी घेत होतो आणि त्या खडखडाटातून एक आवाज सरळ माझ्यापर्यंत आला. कापूस निवडणाऱ्या बायांकडून. मी वजन चुकलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. गाडीवाला खुशालराव, पातूरकडचा कास्तकार, म्हणाला, "काटाबाबू, ध्यान कोठी हाये?" मी म्हटलं, "तुमी आयकलं नाई का?" तो म्हणाला, "आयकलं म्हनून तं इचारून राहिलो."

ती बाई मनकर्णा. चांदूर रेल्वेला दिली होती. नवरा कॉलऱ्यात गेला, आता आई भागीरथाबाईजवळ आमच्याच वस्तीत राहते. वय तीसच्या आत-बाहेर. तिला विचारलं, पार्टीत गाशील का? ती म्हणाली, "मले लिहिता-वाचता येत नाई, गोवर्धनभाऊ. अन् बाई मानूस पार्टीत गाते काय?" मी म्हटलं, बुधाजीनं बोलावलं आहे. हे खोटं होतं. संध्याकाळी बुधाजीला सांगून खरं करून घेतलं.

१ डिसेंबर, रविवार

मनकर्णा आली. हिरवं लुगडं, डोक्यात सरकीचा एक कण तसाच. नमस्काराऐवजी ठसक्यात जय भीम केला आणि बुधाजीच्या समोर न बसता जरा बाजूला बसली.

गाणं ठरलं आहे ते पाटीचं. बुधाजीनं दहा वर्षांपूर्वी बांधलं, साऱ्या वऱ्हाडात चालतं.

पुसू नको पाटी लेका, राहू दे अक्षर,
माय म्हणे त्याचाच हाये उजेड घरभर.

तिला ते पाठच होतं. पण सूर! बुधाजी काळी एकमध्ये गायचा, माझी बोटं तिथं झोपेतही जातात. ही बाई कुठून सुरू करेल नेम नाही. मी सूर द्यायचा, तिनं घ्यायचा, ही रीत तिला ठाऊक नाही. ती आपली सुरू करते आणि मी पट्ट्यांवर तिला शोधत फिरतो. शेवटी सापडलं, पांढरी पाच. आणि माझ्या पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी पाच मुकी! बुधाजीच्या गाण्यात ती पट्टी लागतच नसे, त्यामुळे किती वर्षांपासून मुकी आहे ते मलाच माहीत नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मी म्हटलं, बाई, तुम्ही काळी एकवर या. ती म्हणाली, "म्या कायले येऊ? तुमी या ना इकडं." बुधाजी आवाज न करता खांदे हलवून हसला. सहा महिन्यांत तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

८ डिसेंबर, रविवार

एस.टी.नं पातूरला जाऊन आलो. तिथं एक म्हातारे मिस्त्री पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी पेटी उघडली, चिमट्यानं त्या सुरातून एक पुंजका ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कापूस. जिनातला. माझ्याच कपड्यांतून गेलेला असणार. म्हणाले, "सूर चांगला हाये जी. फक्त दबून होता."

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. मूर्खासारखं वाटेल, पण मूर्तिजापूरच्या बाजारातून आणतात तशी काही तरी नवी वस्तू घरी नेत आहोत असं वाटत होतं. पुंजका खिशातच राहिला आहे.

१५ डिसेंबर, रविवार

तालीम चांगली झाली. केशरवहिनी चुलीपाशी बसून सगळं गाणं आमच्याबरोबर गुणगुणतात, मागच्या दहा वर्षांची सवय. शेवटच्या कडव्यात बुधाजीची छाप आहे. आमच्यात कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो, त्यावरून गाणं कोणाचं ते लोकांना कळतं.

म्हणे बुधाजी, अंगठा मायचा, बाजूला माझी सही,
तिच्या अंगठ्याहून मोठं माझं अक्षर नाही.

"म्हणे" इथपर्यंत वहिनी येतात, मग थांबतात, पोळी उलटतात, आणि "अंगठा मायचा"पासून पुन्हा सुरू होतात. बरोबर तेवढीच जागा सोडतात. ताल चुकत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

पत्रात लिहिलं आहे की एका बाजूला गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांच्या वर जाता कामा नये. आमचं गाणं रात्रभराच्या बैठकीत पाऊण तासही चालतं! कडवी काढावी लागली. बुधाजीनं स्वतःच काढली, एकेक पाटीवर लिहायचा आणि पुसायचा. नऊ कडव्यांची तीन राहिली. त्यात छापेचं कडवं ठेवायचंच असं मी आणि नत्थुजीनं निक्षून सांगितलं. बुधाजीनं हात हलवला, म्हणजे काय ते कळलं नाही. मी त्याला एकटं गाठून म्हटलं, "तुहा आवाज आता कोठी ऐकू येनार नाई, बुधाजी. नाव तरी येऊ दे." त्यानं पाटी मांडीवर पालथी घातली.

डॉक्टरांनी अमरावतीला पुन्हा बोलावलं आहे. गाठ परत दिसते म्हणतात. हे वहिनींना सांगितलेलं नाही. वहिनींनाही कळलं असावं, कारण त्या विचारत नाहीत.

मला एवढंच पाहिजे आहे. त्याच्या डोळ्यांदेखत ती तबकडी निघावी आणि त्यात त्याचं नाव असावं.

५ जानेवारी १९६४, रविवार

खुशालरावांनी सेकंद काट्याचं घड्याळ दिलं. "गानं तुमचं, घड्याळ माहं," म्हणाले. ते नेहमी ओट्याखाली उभं राहून तालीम ऐकतात, वर येत नाहीत, आमच्याकडचं पाणीही घेत नाहीत. त्यांच्या गावाकडं तशीच रीत.

घड्याळ लावून पाहिलं. आरंभीची पेटीची सुरावट झाली, मनकर्णानं तोंड उघडलं, मी घड्याळ सुरू केलं. तीन मिनिटं पाच सेकंद! नत्थुजीनं ढोलकीवर थाप मारली. पाच सेकंद हातात राहिले.

ती सुरावट माझी आहे. माझी बायको जमुना गेली त्या वर्षी बसवली. आठ वर्षं झाली. तिच्या आजारपणात बसून बसून बोटं चाळवायचो, त्यातून आली. माझ्या नावावर जगात एवढीच वस्तू आहे. अर्धं मिनिट आणि वर थोडी. ती वाजली की लोक चुळबुळ थांबवून नीट बसतात, मग गाणं सुरू.

तालमीनंतर मनकर्णाला सही शिकवायला घेतली. कंपनीच्या कागदावर अंगठा नको, या गाण्याच्या बाईनं तरी नको. 'म' सरळ आला, 'र्ण' नं तिचा जीव घेतला. म्हणाली, "बापानं माहं नाव शकुन ठेवलं असतं तं काय झालं असतं?"

२६ जानेवारी, रविवार

तिची सही जमली. पाटीवर मनकर्णा, मनकर्णा, मनकर्णा, अकरा वेळा. पुसायला लागली तर बुधाजीनं तिचा हात धरला आणि गाण्यातली ओळ बोटानं हवेत लिहून दाखवली. पुसू नको.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती इथं लिहितो, दुसरीकडं कुठं लिहू. मनकर्णा पूर्वी मला गोवर्धनभाऊ म्हणायची. संक्रांतीच्या सुमारास 'भाऊ' गेलं. आता नावही गेलं. "पेटीवाले" म्हणते, नाही तर नुसतं "आयकलं का?" नत्थुजीला मात्र नत्थुजीच. मी काही बोललो का? सुरावरून एकदा ओरडलो होतो खरा, पण ते डिसेंबरात. बायांच्या मनातलं काही कळत नाही. जिनात काट्याजवळून जाते तेव्हा मान खाली असते. पूर्वी नसायची.

आज तिनं घरून तिळाच्या पोळ्या आणल्या होत्या. सगळ्यांना एकेक दिली, मला दोन. म्हणजे राग नसावा. की काट्यावरून वजनाची काही गोष्ट असावी?

९ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

नीट लिहितो.

कंपनीनं एका थिएटरचा हॉल घेतला आहे. भिंतींना सतरंज्या टांगलेल्या, खिडक्या बंद, मधोमध एक माईक. मुंबईचे साहेब भला माणूस, पण घाईत. आमच्यासाठी बारा ते दोन एवढाच वेळ, दोन्ही बाजूंना मिळून. दोन वाजता दुसरी पार्टी. आत दारावर लाल दिवा आहे, तो लागला की त्या बाजूची तीन मिनिटं दहा सेकंद संपली, पुढचं यंत्र घेत नाही.

आधी कागद. मनकर्णानं सही केली. दोन्ही ओठ घट्ट मिटून, 'र्ण'वर जरा थांबून. कारकुनानं वर पाहिलंसुद्धा नाही, त्याला काय माहीत! आम्ही चौघं मात्र त्या कागदाकडं बघत उभे होतो. मग त्यानं तिलाच विचारलं, "पेटीवर कोण?" ती गप्प. "बाई, पेटीवाल्याचं नाव सांगा." तिनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "यायलेच इचारा." घाबरून बिचारी माझं नावच विसरली. मी पुढं होऊन सांगितलं. केशरवहिनी बुधाजीला सांभाळायला सोबत आल्या होत्या, त्या उगाच खोकल्या.

मनकर्णानं पहिली तान घेतली आणि साहेबांनी कानावरचं काढून फेकलं. "बाई, मागे व्हा." ती एक पाऊल मागं. "अजून." अजून एक. शेवटी दारात उभी राहून गाऊ लागली तेव्हा यंत्राला तिचा आवाज सोसला.

पहिल्या वेळेस साहेबांनी हात खाली केला, म्हणजे सुरू करा. आणि मी, सव्वीस वर्षं करत आलो तसं, उभा राहून मोठ्यानं म्हटलं, "तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन करून, अकोल्याची समता गायन पार्टी आपल्यासमोर..." नत्थुजीनं त्यावर ढोलकी वाजवली. मनकर्णानं हात जोडले. सगळं वंदन, सगळी ओळख, ढोलकीचा तोडा, मग माझी सुरावट. दुसऱ्या कडव्यातच लाल दिवा लागला.

साहेबांनी डोकं धरलं. "अहो, हे काय?" मी म्हटलं, "वंदन केल्याशिवाय गानं कसं सुरू करनार, साहेब?" ते म्हणाले, मनातल्या मनात करा.

दुसऱ्या वेळेस मनातल्या मनात केलं. सुरावट वाजवली, मनकर्णा लागली. काय लागली! पण "म्हणे" म्हटलं आणि लाल दिवा. नाव दिव्यात गेलं.

मी खुशालरावांचं घड्याळ काढून साहेबांशी भांडलो. तीन मिनिटं पाच सेकंद, मी स्वतः मोजलंय! त्यांनी विचारलं, कुठून मोजलं? मी म्हटलं, गाणं सुरू झाल्यापासून. "आणि पेटी?" मी म्हटलं, पेटी गाण्याच्या आधीची. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या यंत्राला आधी आणि नंतर कळत नाही हो."

चूक माझी. वीस-पंचवीस गावांत ती सुरावट वाजली, कोणी तिला गाण्यात धरली नाही, मीही नाही. लोक बसतात तोवरची मांडामांड. त्या मांडामांडीनं बुधाजीचं नाव खाल्लं.

साहेब म्हणाले, एक कडवं काढा किंवा पेटी काढा. पाच मिनिटं देतो, मग शेवटची वेळ. बुधाजी मागं सतरंजीवर बसला होता. त्यानं पाटी वर केली. "शेवटचं कडवं काढा." मी म्हटलं, नाही. त्यानं पुसून लिहिलं, "पेटी राहू द्या. जमुनाची आहे."

मला वाटत होतं ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही. मी कधी बोललो नव्हतो. आठ वर्षं तो त्या सुरावटीनंतर तोंड उघडत होता आणि त्याला माहीत होतं.

वाद घालायला वेळ नव्हता. मान हलवली. त्याला वाटलं मी ऐकलं.

हात खाली आला. मी भाता भरला आणि पांढरी पाच दाबली. एकच सूर. तिचा. बाकी काही नाही. मनकर्णा सुरावटीची वाट पाहत होती, तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी सूर धरून ठेवला आणि एवढंच केलं, डोळ्यांनी हो म्हटलं. एक श्वास गेला असेल. मग तिनं उचललं, "पुसू नको पाटी लेका." नत्थुजी धडपडत मागून येऊन मिळाला.

तिसऱ्या कडव्यापाशी आल्यावर तिला ठरवायचं होतं. बुधाजीनं काढा म्हणून लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, पण मी 'नाही' म्हणालो ते तिनं ऐकलं होतं, आणि आता पेटी का गेली हे तिला कळलं असणार. ती बुधाजीकडं वळली, त्याच्याकडं बघत, दारात उभी राहून, "म्हणे बुधाजी" असं म्हणाली की त्या सतरंज्यांच्या पलीकडं रस्त्यावरही गेलं असेल. दिवा लागला नाही. कडवं संपलं. दिवा लागला नाही. मग मी उरलेल्या वेळात सुरावटीच्या शेवटच्या चार पट्ट्या वाजवल्या, हात आवरेना. मग दिवा लागला.

साहेब कानावरचं काढून म्हणाले, "झालं."

दुसऱ्या बाजूचं गाणं छोटं, एका दमात झालं. बुधाजी बाहेर माझ्यावर रागावला. पाटीवर लिहून रागावणं अवघड असतं, खडू मोडला. त्यानं पाटी बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेऊन नुसता बसला. बस सुटेपर्यंत तसाच. पलीकडं मनकर्णा नत्थुजीला विचारत होती, पाटीवर पेटीबद्दल काय लिहिलं होतं.

१ मार्च, रविवार

तबकडी आली नाही. बुधाजीला आता पातळच जातं. तालीम नाही, तरी सगळे जमतो. मनकर्णा त्याच्यासाठी ज्वारीच्या कण्या घालून आंबील करून आणते. माझं नाव अजून घेत नाही.

२२ मार्च, रविवार

पोस्टात जाऊन आलो. नाही. पोस्टमन मला पाहून रस्ता बदलतो.

१२ एप्रिल, रविवार

आली!

पेंढ्यात बांधून, खोक्यात, न फुटता. काळी, चकचकीत. मधल्या कागदावर लिहिलं आहे, 'मनकर्णाबाई आणि पार्टी, अकोला.' बाकी कोणाचं नाव नाही. मी ते वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "पार्टी म्हंजे कोन? नावं लिहाले काय झालं होतं यायले?" मी म्हटलं, पार्टी म्हणजे आम्ही. ती बोटानं स्वतःचं नाव चाचपत राहिली. 'र्ण' बरोबर छापलं होतं.

ग्रामोफोन वस्तीत कोणाकडं नाही. खुशालरावांनी स्वतःचा आणला, बैलगाडीत घोंगडीवर ठेवून, पातूरपासून. ओट्यापाशी थांबले. आम्ही यंत्र वर घेतलं. मग किल्ली कोण देणार हा प्रश्न आला, कोणालाच येईना. खुशालराव क्षणभर उभे राहिले आणि चपला काढून आत आले. बसले, किल्ली दिली. वहिनींनी चहा पुढं केला, त्यांनी घेतला.

बुधाजीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. सुई खाली गेली. खरखर झाली, मग माझी पांढरी पाच, आणि मग तिचा आवाज. त्या छोट्या खोलीत. बुधाजीचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण एकही शब्द मागं-पुढं नाही. नत्थुजी मांडीवर थाप धरून रडत होता. केशरवहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या, पोळी लाटता लाटता नेहमीसारख्या गात होत्या. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मी तबकडीकडं बघत होतो, लाल दिवा आठवत होता.

"म्हणे बुधाजी, अंगठा मायचा..."

दोन आवाज आले. एक तबकडीतून. एक चुलीपासून.

वहिनींचं लाटणं थांबलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. तबकडी पुढं गेली, कडवं संपलं, माझ्या चार पट्ट्या वाजल्या, खरखर सुरू झाली. सुई कोणी उचलेना. बुधाजी वहिनींच्या पाठीकडं बघत होता. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. मग त्यानं पाटी मागितली आणि लिहिलं. मी वाचून दाखवलं. "परत लावा."

परत लावली. सहा वेळा लावली. सहाही वेळा वहिनींनी नाव घेतलं. शेवटी शेवटी जरा मोठ्यानंच.

चहाच्या वेळी मला राहवलं नाही. आज सगळे खुशीत आहेत तर गैरसमज मिटवून टाकू म्हणून मी वहिनींसमोरच म्हटलं, "वैनी, तुमी आज नाव घेतलं. पन हे मनकर्णाबाई तीन महिने झाले माहं नाव घेत नाई. इचारा तिले, कावून रागावली?"

मनकर्णा पटकन घागर उचलून बाहेर गेली. पाणी घरात भरलेलं होतं.

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्या बत्तीस वर्सं नाई घेतलं यायचं नाव. म्या काय रागात होती, भाऊ?"

खुशालराव चहात ठसकले. नत्थुजी म्हणाला, "लय हुशार हाये आमचा काटाबाबू." बुधाजीनं पाटीवर काही तरी लिहिलं, मी ते वाचलं नाही. मला तिथं बसवेना.

आता घरी बसून लिहितो आहे. बारा वर्षं लोकांचा कापूस तोळ्यापर्यंत बिनचूक तोलतो. संक्रांतीपासूनची पानं मागं जाऊन वाचली. सगळं मीच माझ्या हातानं लिहून ठेवलं आहे. तिळाच्या दोन पोळ्यासुद्धा.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मैदानात मंडप, बाया-माणसं दाटलेली. बुधाजीला खाटेवर घालून आणलं, पहिल्या रांगेत. वहिनी त्याच्या उशाशी.

मी आज उभा राहून वंदन मोठ्यानं केलं. मनातल्या मनात नाही. मग पेटीवर बसलो आणि सवयीनं पांढरी पाच दाबली, एकच सूर, तबकडीतल्यासारखा. मनकर्णानं उचललं नाही. मी पुन्हा दाबली. ती उभीच.

ती माझ्याकडं वळली. परवापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. माईकपासून तोंड बाजूला करून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "अजी. ते जमुनाताईची वाजवा ना. सगळी वाजवा. इथं लाल दिवा नाई."

मी सगळी वाजवली.